केटल हॉलोच्या मतपेटीतल्या माश्या

१

गव्हर्नरच्या निवडणुकीची मतं मोजायला हवालदार होझिया टटलने पेटी उघडली, तेव्हा तिच्यातून एकही मत निघालं नाही. मधमाश्या निघाल्या.

आधी एकच निघाली. कर्नल एरास्टस बिंगमच्या नाकासमोर ती क्षणभर घोटाळली, जणू माणूस तोच आहे ना याची खात्री करून घेत होती. मग बाकीच्या आल्या.

लोव्हिना पीझली तेव्हा सभाघराबाहेर, मेपलच्या झाडांखाली, निवडणुकीच्या केकचे उरलेले तुकडे झाकून ठेवत होती. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात तेव्हा बायकांना मत नव्हतं. मत देणाऱ्यांना जेवू घालायचं काम मात्र दर वर्षी त्यांच्याकडेच असे. आतून एकदम आरडाओरडा झाला आणि दारातून, खिडक्यांतून, मिळेल त्या वाटेने केटल हॉलोचे मतदार बाहेर पडू लागले. एका खिडकीत एक व्हिग आणि एक डेमोक्रॅट, दोन विरोधी पक्षांचे, अडकले होते आणि एकमेकांना मनापासून ढकलत होते. गावातल्या पुरुषांनी एखादी गोष्ट एकदिलाने केलेली लोव्हिनाने चाळीस वर्षांत पहिल्यांदा पाहिली. वकील लेमुएल क्रेनने उडी मारली, ती थेट घेवड्याच्या हंड्यात.

सगळ्यात शेवटी हवालदार आला. पेटीवरचं काळं कापड त्याने डोक्याला गुंडाळलं होतं. दार ओढून घेऊन, गळ्यातल्या किल्लीने कुलूप लावून त्याने पायरीवर बसकण मारली. त्याचा वरचा ओठ फुगून नाकाला टेकला होता.

"आत कुणी राहिलंय का?" पाद्री एल्कनाह वेदरबींनी विचारलं.

"माश्या."

"आणि मतं?"

"मतं नाहीत, पाद्रीबाबा. ती आपली पेटीच नव्हती. आपली पेटी कुणीतरी पळवली आणि ही तिथे आणून ठेवली."

कर्नलने रुमालाने नाक दाबून धरलं होतं. त्याआडून तो गरजला, "अख्ख्या गावात माश्या पाळणारं घर एकच आहे!"

सगळ्या माना लोव्हिनाकडे वळल्या.

२

सभाघर आणि पीझलींचं घर यांच्यामध्ये एक कुंपण होतं. लोव्हिनाने त्यावरून पाहिलं. सफरचंदांखालच्या बाकावर माश्यांच्या पाच पेट्या असायच्या. आता चारच होत्या. कडेची जागा रिकामी होती आणि गवतात एका चाकाची रेघ उमटली होती. सकाळपासून ती केकच्या मागे होती. तिकडे तिचं लक्षच गेलं नव्हतं.

तिचे वडील असाहेल पीझली तीस वर्षं गावचे कारकून होते. गवतकापणी संपता संपता ते गेले. गावची मतपेटीही त्यांनीच केलेली. माश्यांची एक जुनी पेटी होती. पाइनचं चांगलं लाकूड जाळायचं कशाला, म्हणून त्यांनी ती उलटी केली. माश्यांची फट होती तिथून मतं आत जाऊ लागली. या वर्षी गावाने त्यांच्या दुखवट्यासाठी मतपेटीवर काळं कापड घातलं होतं. ते लोव्हिनानेच शिवून दिलं होतं. मतदान सकाळी संपल्यावर, मोजणीआधीच्या जेवणाच्या सुट्टीत कुणी चोरून मत टाकू नये म्हणून फटीत चिंधी कोंबायची, ही रीतही असाहेलचीच. माश्यांची पेटी हलवताना तेच करतात.

"दोन्ही पेट्या तुमच्याच घरच्या," कर्नल म्हणाला. दुकानदार, कधी काळी गावच्या फौजेत दोन उन्हाळे कवायत केलेला, आणि व्हिगांचा उमेदवार रॉकवुड याचा माणूस. "आता बोल बाई, डेमोक्रॅटांनी तुला काय देऊ केलं?"

"डेमोक्रॅटांनी?" हंड्यातून उठत वकील क्रेन ओरडला. तो डेमोक्रॅटांच्या हॅचकिसचा माणूस. "तुमच्याच दुकानात पेटीचा व्यवहार झाला असेल! आणि कायदा ऐका. आजच्या उजेडात, सभाघरात, सगळ्यांसमोर मोजणी झाली तरच मतं धरतात. दिवस मावळला की केटल हॉलोने गव्हर्नर निवडलाच नाही असं होईल."

"असाहेलच्या वेळेला असं एकदाही झालं नव्हतं हो," कुणीतरी मागून म्हणालं.

ते मात्र लोव्हिनाला लागलं. चोर म्हटल्याचं तितकं लागलं नव्हतं. बर्फ असो, चिखल असो, ताप असो, बाबांनी गावाची मतं राजधानीला पोचवली नाहीत असं एकही वर्ष गेलं नव्हतं. ते गेल्यावरची ही पहिलीच निवडणूक, आणि ती बुडणार ती त्यांच्याच पेटीत, त्यांच्याच माश्यांनी.

"दिवस मावळायला वेळ आहे," ती म्हणाली. "टटल, ते डोक्यावरचं कापड द्या जरा."

कापड हातात घेताक्षणी तिला कळलं. तिने शिवलं होतं ते दुकानातलं पातळ, स्वस्त कापड. हे जाड होतं, भारी लोकरीचं. आणि त्याच्यावर दोन ठिकाणी, शेजारी शेजारी, हाताच्या तळव्याएवढे दोन चकचकीत गोल होते.

३

त्या डोंगरात घरातलं माणूस गेलं की माश्यांना सांगावं लागतं. पेट्यांवर काळं कापड घालायचं, गेलेल्या मालकाच्या किल्लीने तीनदा ठोकायचं आणि स्पष्ट शब्दांत सांगायचं. नाही सांगितलं तर माश्या घर सोडतात, नाहीतर चवताळतात. शेजारणींनी विचारलं तेव्हा, "मी असलं काही मानत नाही," असं लोव्हिना म्हणाली होती. तिच्या घरात पुस्तकं पुष्कळ होती, म्हणून ते सगळ्यांना पटलं. खरं असं होतं की रोज संध्याकाळी ती काळं कापड हातावर टाकून बाकापर्यंत जायची, उभी राहायची आणि परत यायची. कापड पुन्हा खुंटीवर. बाबा गेल्याचं गावाला दुसऱ्यांनी सांगितलं होतं. तिने ते अजून तोंडातून काढलं नव्हतं.

आता तिने कापड घडी करून काखेत धरलं आणि कर्नलला झाडामागे गाठलं.

"कर्नलसाहेब, पेटी तुम्ही लांबवलीत का?"

"मी?" त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "हे बघ, पेटी सापडली नाही तर मी रडत बसणार नाही. रॉकवुड आपल्या गावात सपाटून पडणार होता. दुकानात माणसं काय बोलतात ते मला ऐकू येतं. पण चोरी? बाई, मला साखरेचं पोतं हलत नाही!"

"जरा पाठमोरे व्हा."

"काय?"

"व्हा तर खरं."

कर्नल वळला. त्याची विजार काळ्या भारी कापडाची होती आणि बसायच्या जागी इतकी चकाकत होती की लोव्हिनाला तिच्यात मेपलचं झाड दिसलं. गुडघे मात्र नव्यासारखे.

"झालं. आभारी आहे."

"मला कळू दे तरी काय बघितलंस!"

वकील क्रेन गुरांच्या हौदापाशी घोंगडी गुंडाळून उभा होता. विजार कुंपणावर वाळत होती, तिच्यावरून घेवड्याचा रस ठिबकत होता. लोव्हिनाने ती खुशाल हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"लोव्हिनाबाई! ही काय रीत झाली?"

"तुम्ही सकाळपासून हीच घातली होती?"

"माझ्याकडे दुसरी आहे कुठे? पक्षकार मला बटाट्यांत फी देतात." मग तोही जवळ सरकून कुजबुजला, "तुमच्या-माझ्यात राहू द्या. पेटी गेली ते बरंच झालं. हॅचकिस पडणार होता. दारोदार फिरलोय मी, लोकांचे चेहरे वाचता येतात मला."

विजारीचे गुडघे ठीक होते. क्रेनचा कोट तेवढा कोपरांवर झिजला होता, टेबलावर रेलून.

म्हणजे रॉकवुडही पडणार होता आणि हॅचकिसही पडणार होता. मग निवडून कोण येणार होतं, असा प्रश्न लोव्हिनाला पडला. पण तो आजचा नव्हता.

ती पायरीशी आली. हवालदार ओठाला चिखल लावून बसला होता.

"टटल, सुट्टीत सभाघरात कोण गेलं होतं?"

"कुणी नाही."

"नीट आठवा."

"नीटच सांगतोय. मोजणी संपेपर्यंत किल्ली या पायरीच्या खाली उतरू देणार नाही अशी शपथ घेतलीय मी. इथे बसूनच जेवलो. एक माणूस आत सोडला नाही."

"पेटी उघडताना काही वेगळं वाटलं?"

"जड लागली. कर्नलसाहेब म्हणाले, भरघोस मतदान! मग मतं खाली बसावीत म्हणून मी पेटी दोनदा टेबलावर आपटली, असाहेल आपटायचे तशी." त्याने ओठ चाचपला. "ते करायला नको होतं."

"माणूस नाही सोडला म्हणालात. माणूस सोडून कुणाला सोडलंत?"

टटलने डोळे मिचकावले. "पाद्रीबाबा गेले होते. पण प्रार्थनेला. ते थोडंच धरतात?"

"आणि किल्ली?"

"आतून लावून घ्यायला त्यांनी मागितली. मी शपथेची आठवण दिली, तर म्हणाले, किल्ली बाहेर कुठे जातेय, आतच तर येतेय. बरोबर होतं त्यांचं. मग कर्नलसाहेब इकडे यायला लागले तेव्हा मी दार वाजवलं, ते लगेच बाहेर आले."

केटल हॉलोत शेतकरी घरी विणलेलं भुरं कापड घालत. काळं भारी कापड तीनच माणसं घालायची. कर्नलचं बसून झिजायचं, वकिलाचं रेलून झिजायचं. गुडघ्यांवर झिजेल असं एकच माणूस होतं.

ते माणूस त्या वेळी सभाघराच्या मागच्या खिडकीतून आत शिरायचा प्रयत्न करत होतं.

४

"उतरा, पाद्रीबाबा," लोव्हिना म्हणाली. "सगळं गाव बाहेर पळतंय आणि तुम्ही आत चाललात. लोक काय म्हणतील?"

पाद्री वेदरबी खिडकीच्या चौकटीवरून खाली आले. कानाला माशी चावली होती. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं. "कोण, मिसेस टटल का?"

"मी लोव्हिना."

"हो, हो. लोव्हिना."

दुपारीही असंच झालं होतं. सगळ्यांच्या मागून ते जेवायला आले, केकवर मोहरीची चटणी पसरून घेतली आणि चवीचं कौतुक केलं. म्हाताऱ्या माणसाला लाजवायचं कशाला म्हणून ती काही बोलली नव्हती.

तिने काखेतलं कापड उलगडलं. "तुमची प्रार्थनेची विजार फाडलीत?"

ते दगडी कुंपणावर बसले.

"असाहेलने मला बोलावलं होतं. शेवटच्या आठवड्यात," ते म्हणाले. "मला वाटलं, आत्म्याबद्दल काही विचारील. तर म्हणाला, एल्कनाह, माझ्या माश्यांना तू सांग."

"तुम्ही? माश्यांशी बोलणं म्हणजे मूर्तिपूजा, असं तुम्ही ईस्टरनंतर तासभर सांगत होतात."

"दीड तास. त्याला आठवत होतं ना! तीच तर गंमत वाटली त्याला. खोकत खोकत हसला. मी म्हटलं, अरे, लोव्हिना आहे की. तर म्हणाला..."

"काय म्हणाले?"

"म्हणाला, ती सगळं करील. पण ते बोलून दाखवायचं तिला जमायचं नाही. तिला न कळता कर."

लोव्हिना हंड्याकडे पाहत राहिली. हंड्याला वकिलाच्या बसण्याने पोचा आला होता. तो कसा काढायचा याचा तिने नीट विचार केला.

मग ती म्हणाली, "पण पेटी इथे कशाला आणलीत?"

"किल्लीसाठी! मालकाच्या किल्लीने ठोकायला लागतं ना? तुमच्या घराला कुलूप कधी होतं? असाहेलजवळ आयुष्यभर किल्ली एकच, सभाघराची. ती टटलच्या गळ्यात गेली, आणि तो बाबा ती अंघोळीलाही काढत नाही. आज तर शपथ. किल्ली पेटीकडे जाईना, म्हणून पेटी किल्लीकडे आणली. एका पेटीला सांगितलं तरी पुरे, बाकीच्यांना ती कळवते, असं असाहेल म्हणाला होता. पहाटे गारठ्यात माश्या निजलेल्या असताना ढकलगाडीवरून आणली, मागच्या खिडकीतून आत घेतली आणि रविवारी मी प्रवचन देतो त्या दारवाल्या, बंदिस्त व्यासपीठात ठेवली. तिथे माझ्याशिवाय कोण चढतंय?"

"आणि सुट्टीत?"

"खाली टेबलावर आणली. तीनदा ठोकलं. सांगितलं." त्यांनी नाक पुसलं. "सांगताना चष्मा काढावा लागला. चाळीस वर्षं मी त्याच्याशी सोंगट्या खेळलो, पोरी. एकदाही जिंकू दिलं नाही त्याने."

"माश्या काय म्हणाल्या?"

"तेच तर. काहीच नाही! हूं नाही की चूं नाही. मला वाटलं, दुःखाने गप्प झाल्या. मग टटलने दार वाजवलं. मी घाईने पेटी उचलून व्यासपीठात ठेवली. हलकी लागली. वाटलं, मन हलकं झालंय म्हणून असेल."

लोव्हिनाने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या नाकावर चष्म्याच्या दोन तांबड्या खुणा होत्या, चष्मा नव्हता.

"दोन्ही पेट्या टेबलावर शेजारी होत्या?"

"होत्या."

"दोन्हींवर काळं कापड?"

"हो."

"आणि चष्मा तुमच्या हातात."

पाद्रीबाबांचं तोंड हळूहळू उघडलं आणि उघडंच राहिलं.

"पाद्रीबाबा," लोव्हिना म्हणाली, "तुम्ही मतांना सांगितलंत."

पलीकडून कर्नलचा आवाज आला. "ऊन डोंगराला टेकलं! आता न्यायाधीशाला बोलवा आणि बाईला पुढे करा!"

पाद्रीबाबा उठले. "मी कबूल करतो सगळ्यांसमोर. आणि आत जाऊन माश्यांनाही सांगतो."

"बसा. चष्म्याशिवाय गेलात तर कर्नलला सांगून याल."

५

"मतपेटी आतच आहे," लोव्हिना पायरीवर उभं राहून म्हणाली. "पाद्रीबाबांनी सुट्टीत ती जपून व्यासपीठात ठेवली होती."

"आणि माश्या?" कर्नलने विचारलं. "माश्या काय मत द्यायला आल्या होत्या?"

"माश्या बाबांच्या. त्यांना अजून कुणी सांगितलं नव्हतं."

गर्दीत हळूच हं, हं असा आवाज झाला. कुणीतरी टोपी काढली. पेटी टेबलावर कशी आली, कुणी आणली, हे मग कुणी विचारलंच नाही. न सांगितलेल्या माश्या काय करतील आणि कुठे जातील याचा नेम नसतो, हे केटल हॉलोत पोरंही जाणत होती. घोंगडीतला वकील क्रेन तर नाराज झाला. "मग हे आधीच नाही का सांगायचं, बाई? उगाच घेवडा नासला."

"टटल, किल्ली."

हवालदाराने ती छातीशी धरली. "पायरीखाली..."

"आतच नेतेय."

आत मधाचा आणि जुन्या लाकडाचा वास होता. माश्या सगळीकडे होत्या: बाकांवर, खिडक्यांच्या काचांवर, कारकुनाच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर. एक तिच्या मनगटावर येऊन बसली. लोव्हिनाने हात झटकला नाही. टेबलावर पेटी उघडी पडली होती. तिने झाकण अर्धं सरकवलं, विजारीचं कापड वर पसरलं आणि किल्लीने लाकडावर तीनदा ठोकलं.

तोंड उघडलं, पण आवाज आला नाही.

बाहेर कर्नल कुणाला तरी सांगत होता की रॉकवुडचा विजय आता कुणी रोखू शकत नाही. त्याला जिंकायची खात्री नव्हती; पेटी सापडली म्हणजे आता हरणार, म्हणून तो घाबरला होता. बाबा असते तर त्यांनी कागदावरून मान वर न करता भुवई उडवली असती. तिला ती भुवई दिसली.

"तुमचा मालक गेला," ती म्हणाली. "असाहेल पीझली. बाबा गेले. बाबा गेलेत, आणि आता मी आहे. तुम्ही राहा."

आधी काही झालं नाही. मग पेटीतून, अगदी खालून, एक बारीक गुणगुण उठली आणि वाढत गेली. मनगटावरची माशी उडाली आणि फटीतून आत शिरली. तिच्यामागून दुसरी गेली. मग खिडक्यांवरून, बाकांवरून, खुर्चीवरून त्या येत राहिल्या. संध्याकाळ होत होती आणि राणी पेटीतच होती, त्यामुळे त्या तशाही परतल्या असत्या, असं पुस्तकात लिहिलेलं लोव्हिनाने वाचलं होतं. त्या वेळी तिला ते आठवलं नाही.

बऱ्याचशा आत गेल्यावर तिने झाकण लावलं, चिंधी कोंबली आणि व्यासपीठाचं दार उघडलं. मतपेटी तिथे होती. तिच्यावर चष्मा होता. तिने शिवलेलं कापड किल्लीच्या घावांनी तीन ठिकाणी फाटलं होतं आणि खाली पाइनमध्ये तीन ताज्या खुणा होत्या. म्हाताऱ्याने जीव ओतून ठोकलं होतं.

शेवटच्या उजेडात, दार सताड उघडं ठेवून, गावाने मतं मोजली. कर्नल आणि वकील दोघांचेही चेहरे पांढरे पडले होते. टटलने चिखलाच्या ओठाने आकडा वाचला, पुन्हा मोजला, पुन्हा वाचला. रॉकवुड आणि हॅचकिस यांना सारखीच मतं पडली होती.

"म्हणजे गव्हर्नर कोण होणार त्यात आपल्या गावाचा काडीचा फरक पडला नाही?" कुणीतरी विचारलं.

"काडीचा नाही," वकील क्रेन आनंदाने म्हणाला, आणि घोंगडी सावरत त्याने कर्नलला मिठी मारली. एवढं होऊनही मतं रीतसर लाखबंद झाली आणि घोडेस्वार राजधानीच्या रस्त्याला लागला, तेव्हा डोंगरावर उजेडाची एक कड शिल्लक होती.

पेटी पाद्रीबाबांनीच ढकलगाडीवरून परत नेली. आता नाकावर चष्मा होता, तरी लोव्हिना गाडीला हात लावून चालत होती. बाकावर पेटी ठेवून ते म्हणाले, "एकीला सांगितलं की पुरे, असं तो म्हणाला होता."

"माहीत आहे," ती म्हणाली. "तुम्ही जा. किल्ली मी टटलला नेऊन देते."

ते गेले. घरातल्या खुंटीवरचं काळं कापड आणून तिने त्याच्या चार पट्ट्या केल्या. पहिल्या पेटीला सांगताना तिला दोनदा थांबावं लागलं. दुसरीला एकदा. तिसरीला सरळ सांगून झालं. आणि चौथीला तिने बाबा गेल्याचं सांगितल्यावर, पाद्रीबाबांनी विजार फाडून, चष्मा काढून, डोळे पुसत पुसत गावाच्या मतांना कशी बातमी दिली तेही सगळं पहिल्यापासून सांगितलं, कारण ते ऐकून बाबा हसत सुटले असते.